ऐकणाऱ्यांचं देणं

ज्यांचं देणं माझ्याच्याने फिटणार नाही अशा माणसांत आमच्या समोरच्या विंगमधले काका फार वर आहेत. रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, शिक्षणही वेगळं. ते दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी घाटमाथ्यांवरच्या मायक्रोवेव्ह टॉवरवर काढली. मी रोह्याची, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली, तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रान्समीटर कॅलिब्रेट करणारी. लग्न होऊन खारघरला आले आणि लिफ्टमध्ये जाता-येता ओळख झाली. काकूंनी एकदा घरातला जुना रेडिओ दुरुस्त होतोय का बघायला बोलावलं. रेडिओ काकांनीच दुरुस्त केला, मी नुसती बघत बसले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरातल्या सोल्डरिंगच्या टेबलाशी माझं एक स्टूल कायमचं ठरून गेलं.

आज आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांच्या टाक्यांत किती पाणी आहे हे मोबाइलवर दिसतं. त्यासाठी एकाही टाकीत सिमकार्ड नाही, कुठे केबल ओढलेली नाही, आणि बॅटरी बदलायची पाळी अजून आलेली नाही. लोक मला विचारतात, हे तू केलंस का? खरं उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहिते आहे, कारण त्यात फार माणसं आहेत.

खारघर बाहेरून पाहणाऱ्याला रुंद रस्ते दिसतात, सेंट्रल पार्क दिसतं, पावसाळ्यात डोंगरावरून कोसळणारा पांडवकडा दिसतो. इथे राहणाऱ्याला विचारा, तो आधी पाण्याचं सांगेल. पेण तालुक्यातल्या हेटवण्याच्या धरणातून पाणी इथवर येतं. उन्हाळा चढला की दाब कमी होतो आणि सोसायट्यांच्या गेटशी टँकर दिसू लागतात. आमच्याकडे जमिनीखाली एक मोठी टाकी, प्रत्येक विंगच्या डोक्यावर एक, आणि या सगळ्याचा कारभार पंप चालवणाऱ्या मामांच्या हाती. मामा रात्रीतून उठून टाकीचं लोखंडी झाकण उचलत, बॅटरीच्या उजेडात आत वाकून बघत आणि मग पंप लावायचा की टँकरवाल्याला फोन करायचा ते ठरवत. जरा डोळा लागला की वरची टाकी वाहून जायची किंवा खालची रिकामी होऊन पंप कोरडा फिरायचा. बोलणी मात्र मामांना बसायची.

पातळी मोजणं हे माझं रोजचं काम. कारखान्यात टाकीवर लेव्हल ट्रान्समीटर बसवतात, ४ ते २० मिलीअँपची लूप ओढतात आणि आकडा कंट्रोल रूममध्ये येतो. सोसायटीत ही केबल न्यायची कुठून? पेव्हर ब्लॉक उखडायला कुणी परवानगी देणार नाही. वायफाय पार्किंगच्या भिंतीपलीकडे जात नाही. प्रत्येक टाकीला मोबाइलचा मोडेम लावायचा तर दरमहा रिचार्ज आला आणि मोडेमला वीजही आली. ही सगळी अडचण मी एका संध्याकाळी काकांपुढे मांडली. त्यांनी शांतपणे विचारलं, "अगं, पण टाकी तुला सांगणार किती?"

"म्हणजे?"

"पातळीचा एक आकडा. दोन बाइट. तोही पंधरा-वीस मिनिटांनी एकदा. एवढ्याशा निरोपाला तू एवढा पसारा का मांडतेस?"

माझ्या विचाराची दिशाच त्या प्रश्नाने बदलली. तोवर बिनतारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वेग यायचा: किती एमबीपीएस, किती जी. पाण्याचा मीटर, गॅसचा मीटर, कचऱ्याची पेटी, रस्त्यावरचा दिवा, पर्जन्यमापक, या वस्तूंना वेग नको असतो. त्यांना थोडं बोलायचं असतं, क्वचित बोलायचं असतं, लांबवर पोचायचं असतं आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षं टिकायचं असतं. शहरभर पसरलेल्या अशा कमी शक्तीच्या जाळ्यांची एक अख्खी जात या गरजेतून निघाली आहे. त्यातलं लोरा या बिनतारी तंत्रावर चालणारं लोरावॅन हे काकांनी माझ्या हाती दिलं.

पण आधी त्यांनी मला ऐकायला शिकवलं. शिकवायची त्यांची रीत अशी, की सूत्र शेवटी. पहिल्यांदा त्यांनी आम्हाला खोडदला नेलं. नारायणगावजवळचं खोडद, जुन्नर तालुका. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथली महादुर्बीण लोकांना बघायला खुली असते. काका-काकू, मी, माझे यजमान आणि आमचा मुलगा असे माळशेज घाटाने गेलो. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या तीन दिशांना पसरलेल्या, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. तबकडी म्हणजे भरीव पत्रा असेल अशी माझी समजूत होती. जवळ जाऊन पाहिलं तर बारीक स्टीलच्या तारांची जाळी, दोरासारख्या ताणलेल्या तारांवर बांधलेली. वारा आरपार जातो, लाटा अडतात, आणि खर्च कितीतरी खाली येतो. शेतांमधून, द्राक्षाच्या मांडवांजवळून या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात.

काका तिथे म्हणाले, "यातली एकही तबकडी तिकडे काही पाठवत नाही बघ. सगळ्या फक्त ऐकतात. समोरच्याचा आवाज आपण वाढवू शकत नाही. आपला कान तेवढा सुधारता येतो." मग त्यांनी जुन्नर भागातच असलेल्या आर्वीच्या विक्रम उपग्रह भूकेंद्राची गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या खेड्यातून भारताची परदेशाशी उपग्रहामार्गे बोलणी सुरू झाली. हे केंद्र चालवणाऱ्या तेव्हाच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसची १९८६ साली विदेश संचार निगम झाली, २००२ साली ती टाटा समूहाकडे गेली आणि २००८ साली टाटा कम्युनिकेशन्स झाली. आणि याच कंपनीने २०१५च्या अखेरीला मुंबई, दिल्ली, बंगळूरुकडे बघत भारतात लोराचं जाळं उभारायचं जाहीर केलं. २०१७ साली जाहीर केलेलं त्यांचं उद्दिष्ट सुमारे २,००० शहरं-वस्त्यांमधल्या ४० कोटी लोकांपर्यंत पोचायचं होतं. जिथून एकेकाळी परदेशी फोन लागत होते त्या घराण्याने आता पाण्याच्या मीटरचा निरोप वाहायचं मनावर घेतलं, याचं काकांना मोठं अप्रूप होतं.

घरी आल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. लोराची मूळ कल्पना फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरातल्या सिक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीची. निकोला सोर्नां, ऑलिव्हिए सेलेर आणि फ्रान्स्वा स्फोर्झा हे तिचे जनक. २०१२ साली अमेरिकेच्या सेमटेकने ती विकत घेतली. २०१५ साली लोरा अलायन्स ही संघटना झाली, त्याच वर्षी लोरावॅनची पहिली नियमावली आली, आणि २०२१ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तिला आपल्या मानकांत घेतलं. हे सगळं त्यांनी झरझर सांगून टाकलं. मग मात्र ते थांबले आणि काकूंना म्हणाले, "जरा एक मींड घे गं."

काकू किराणा घराण्याच्या एका गुरूंकडे शिकलेल्या. त्यांनी खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत न तुटणारा स्वर ओढत नेला. "हे बघ," काका म्हणाले, "लोराचा प्रत्येक ठोका असाच खालून वर सरकत जातो. सगळे ठोके सारख्याच चढाचे. फरक एवढाच, की कुठला सा पासून सुरू होतो, कुठला ग पासून, कुठला प पासून. वरच्या टोकाला पोचला की तो खालून उरलेला तुकडा पुरा करतो. निरोप दडलेला असतो तो सुरुवातीच्या जागेत." काकूंनी ग पासून मींड घेतली, वर नेली, मग खाली येऊन सा ते ग पुरी केली. नेमकी कुठून सुरुवात झाली हे मलाही ऐकू आलं. "आता शेजारी मिक्सर लाव, टीव्ही लाव. एखादा सुटा स्वर बुडेल, पण अशी लांब मींड ओळखीच्या कानाला त्यातूनही कळते." मींड जितकी संथ, तितकी ती गोंगाटातून जास्त खात्रीने ओळखता येते. लोरात या संथपणाच्या ७ ते १२ अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण पोच वाढते. बाराव्या पायरीवर तर संदेशाची शक्ती भोवतालच्या गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतकी असली तरी गेटवे, म्हणजे निरोप ऐकणारं यंत्र, तो उचलू शकतो. वेग तेव्हा सेकंदाला सुमारे २५० बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. आमच्या टाकीला तेवढा रग्गड होता.

आमचा सेन्सर २५ मिलिवॉटवर बोलतो. जुना जीएसएम मोबाइल २ वॉटपर्यंत जायचा, म्हणजे ऐंशीपट. निरोप दिला की सेन्सर ठरलेल्या वेळी थोडा वेळ दोनदा कान उघडतो, त्याला काही उत्तर आहे का बघतो, आणि परत झोपतो. झोपेत तो काही मायक्रोअँप खातो. म्हणून त्यातली लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षं जाते. सगळा भार पडतो तो ऐकणाऱ्यावर. गेटवेला झोप नसते. तो उंचावर हवा, त्याला अखंड वीज हवी, इंटरनेट हवं, आणि त्याची अँटेना मोकळ्या आभाळाखाली हवी. सेन्सरला इतकं कमी शक्तीत बोलता येतं ते कुणीतरी त्याच्यासाठी रात्रंदिवस जागं असतं म्हणून. हे उमगलं आणि मला माझ्या कामाकडे, खरं तर माझ्या आयुष्याकडेच, वेगळ्या नजरेने बघता आलं.

गच्चीचा प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आला. टॉवर म्हटलं की लोक बिचकतात, रेडिएशनचं नाव निघतं. काकांनी उभं राहून कागदावरचे आकडे वाचून दाखवले: गेटवेची वीज ५ वॉटच्या आसपास, महिन्याला साडेतीन-चार युनिट, आणि टाकीतल्या सेन्सरपेक्षा तर प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल जोरात बोलू शकतो. परवानगी मिळाली. पण गच्चीवर लाइट पॉइंट नव्हता, आणि कॉमन मीटरवरून लाइन घ्यायला काही सभासद राजी नव्हते. तेव्हा शेवटच्या मजल्यावरच्या आजी उठल्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. म्हणाल्या, "माझ्या मीटरवरून घ्या. पाणी मलाही लागतं." इलेक्ट्रिशियनने त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कंड्युट वर नेलं. गेली कित्येक वर्षं त्या गेटवेची वीज आजींच्या बिलात जाते आहे. पैसे देऊ केले तर त्या रागावतात. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जाते, त्या डब्यातून परत चकल्या देतात. हिशेब काही बरोबरीत येत नाही.

अँटेना चढवायच्या दिवशी काका स्वतः गच्चीवर आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखणारे, तरी शेवटचा लोखंडी जिना चढले. फायबरग्लासची काठीसारखी अँटेना, खाली एन-टाइप कनेक्टर, तिथून केबल गेटवेच्या डब्यात. मी केबल सरळ डब्याच्या तोंडाशी आणली होती. त्यांनी ती हातात घेतली, डब्याच्या खाली वीतभर झोल दिला आणि मग वर वळवून ग्लँडमध्ये घातली. "पाणी केबलवरून ओघळत येतं. त्याला खाली टपकायला जागा दे, म्हणजे ते आत जाणार नाही." मग कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप अर्ध्यावर अर्धी चढवत, ताणून, खालून वर गुंडाळली. "वरून खाली गुंडाळलीस तर प्रत्येक घडीत पाणी थांबेल. कौलं कशी खालून वर रचत नेतात, तसंच." त्या वर्षीचा पाऊस आणि नंतरचे सगळे पाऊस त्या कनेक्टरने सोसले. जोरदार सरीत आमच्या इमारतीतल्या डिश टीव्हीचं चित्र जातं, कारण त्याच्या उंच वारंवारितेला पाऊस अडवतो. ८६५ मेगाहर्ट्‌झच्या लाटांना पावसाचं फारसं काही वाटत नाही. खारघरच्या पावसात ही मोठीच गोष्ट आहे.

टाकीत सेन्सर कुठे बसवायचा हे मात्र मामांनी ठरवलं. मी झाकणाच्या मधोमध खूण केली होती. मामा म्हणाले, "इथं नको ताई. टँकरचा पाइप या कोपऱ्यात पडतो, पाणी उसळतं, फेस होतो. त्या तिकडं लावा, तिथं पाणी गप असतं." अल्ट्रासॉनिक सेन्सरला फेस चालत नाही, आकडा उड्या मारतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या टाकीत पाणी कुठे गप असतं हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याने ते रात्री-अपरात्री वाकून वाकून मिळवलं होतं. लोखंडी झाकणाखालून लाटा बाहेर पडत नाहीत, म्हणून अँटेना झाकणाबाहेर छोट्या पीव्हीसी पाइपात काढली. तो पाइपही मामांनीच शोधून आणला. आता पाणी खाली गेलं की त्यांच्या फोनवर सूचना येते. रात्रीची झोप त्यांना मिळू लागली आहे, आणि टँकर कधी बोलवायचा हा निर्णय अजूनही त्यांचाच आहे.

आमचा गेटवे आम्ही द थिंग्ज नेटवर्क या लोकांच्या जाळ्याला जोडला. त्याचा जन्म अ‍ॅमस्टरडॅमचा. २०१५च्या उन्हाळ्यात विंके गीझेमन आणि योहान स्टोकिंग यांनी लोकांना हाक दिली, आणि सहा आठवड्यांत दहा गेटवे लावून त्यांनी ते शहर झाकलं. गेटवे कुणी दुकानावर लावला, कुणी ऑफिसवर. मालक वेगवेगळे, जाळं एक. या जाळ्याचा एक नियम मला फार मोठा वाटतो. गेटवे ऐकू आलेलं प्रत्येक पॅकेट पुढे पाठवतो, ते कुणाचंही असो. आतला मजकूर १२८ बिटांच्या किल्लीने बंद असतो, गेटवेच्या मालकाला तो वाचता येत नाही. एकच निरोप तीन गेटवेंनी ऐकला तरी सर्व्हर त्यातला एकच ठेवतो. म्हणजे माझ्या गच्चीवरून अनोळखी माणसाच्या वस्तूचा निरोप जातो, आणि तो काय आहे, कुणाचा आहे, मला कधी कळत नाही.

गेटवे सुरू झाल्यावर काही दिवसांतच लॉगमध्ये आमच्या नसलेल्या यंत्राची पॅकेटं दिसू लागली. दर तासाला एक, अगदी क्षीण. काका येऊन बसले, त्यांनी आकडे पाहिले, म्हणाले, "कुणीतरी लांबून बोलतंय. जाऊ दे पुढे." पुढच्या पावसाळ्यात मी एक सेन्सर चाचणीसाठी पिशवीत घालून तळोज्याकडे गेले. माझा गेटवे मागे पडला, इमारती आड आल्या, पण निरोप पोचतच राहिले. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गेटवेने उचलले होते. तो माणूस मला माहीत नाही, त्याची गच्ची कुठल्या सेक्टरात आहे तेही नाही. आजींच्या मीटरवरून ज्या अनोळखी यंत्राचं काम झालं त्याचा मालक कदाचित तोच असेल, कदाचित नसेलही. आजींनी मला वीज दिली, मी कुणा तिसऱ्याचा निरोप वाहिला, आणि चौथ्याने माझा. घेतलेलं ज्याचं त्याला परत करायची इथे सोयच नाही. ते पुढच्याला द्यावं लागतं, आणि पुढचा कोण हे निवडता येत नाही.

हे जाळं मुक्त आहे याचं मोल मला नंतर आणखी कळलं. फ्रान्समध्येच तुलूझजवळ सिगफॉक्स नावाची अशाच जाळ्याची एक मोठी कंपनी होती. तिचं जाळं तिचं एकटीचं. जानेवारी २०२२मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि जगभरातल्या तिच्या ग्राहकांना काळजी लागली. पुढे सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली म्हणून निभावलं. मोबाइल कंपन्यांचा एनबी-आयओटी हा मार्गही आहे, आणि जिथे पैसे भरून हमी घ्यायची तिथे तो योग्यही आहे. पण सोसायटीच्या टाकीसाठी शेजाऱ्यांच्या गच्च्यांवर उभं असलेलं जाळं मला जास्त भरवशाचं वाटतं. एक गेटवे बंद पडला तर दुसरा ऐकतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी जी हवा आहे तिचंही ऋण आहे. काकांच्या लहानपणी घरात रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन काढावं लागे. ते लायसनचं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं आहे. त्याच देशात २००५ साली सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याविना वापरायला खुला केला, १ वॉटची मर्यादा घालून. २०२१ साली तो ८६८पर्यंत वाढवला. त्याआधी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला होता. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्राचे. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या भांडणात दिलेलं ते तत्त्व मला माझ्या गच्चीवर आठवतं. मी ज्या हवेतून निरोप पाठवते ती माझी नाही, कंपनीची नाही, सरकारने आपल्या सगळ्यांच्या वतीने राखलेली आहे.

सामायिक वस्तू वापरायची तर शिस्त लागते, आणि तीही काकांनीच शिकवली. द थिंग्ज नेटवर्कचा दंडक असा, की एका यंत्राने दिवसभरात मिळून ३० सेकंदांहून जास्त हवा अडवायची नाही. या हवेत कुणाची पाळी लावलेली नसते. ज्याला बोलायचं तो बोलतो, दोघे एकदम बोलले तर निरोप हरवू शकतो. ही रीत १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटांना जोडण्यासाठी अलोहा नावाने सुरू केली, आणि ती चालते ती सगळे थोडं बोलतात तोवरच. आमच्या टाकीचा निरोप दहाव्या पायरीवर जातो, एकेक निरोप सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून थोडा मोठा. मी दर पाच मिनिटांनी आकडा मागायचा म्हणत होते. काकांनी वहीत गुणाकार केला आणि वही माझ्याकडे सरकवली. शंभर सेकंदांच्या घरात जात होतं. दर वीस मिनिटांनी केलं तर ३० सेकंदांच्या आत बसत होतं. "टाकी वीस मिनिटांत रिकामी होत नाही. बाकीची हवा दुसऱ्यांना लागेल." आमचा सेन्सर आजही दर वीस मिनिटांनीच बोलतो.

दोन वर्षांपूर्वी काका-काकू मुलाची बदली झाली म्हणून पुण्याला गेले. जाताना त्यांनी अँटेनाचा मीटर, केबलचं उरलेलं वेटोळं आणि रबरी टेपचं अर्धं रीळ माझ्या हवाली केलं. फोन आला की ते तब्येतीचं दोन वाक्यांत उरकतात आणि विचारतात, "आपल्याकडून कोणाकोणाची पॅकेटं गेली?" मी आकडा सांगते. आमची किती, परक्यांची किती. परक्यांचा आकडा वाढला की ते खूश होतात. मागच्या पावसाळ्यात मी गच्चीवर पर्जन्यमापक लावला, त्यातली छोटी डोलची ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा कलंडते आणि ती नोंद हवेतून जाते. पांडवकड्याकडे पावसाळ्यात जायला बंदी असते, तरी माणसं जातात, ओढ्याला अचानक लोंढा येतो आणि घात होतो. डोंगरावर किती पाऊस पडतो आहे हे पायथ्याशी आधी कळावं, असं काकांच्या मनात फार होतं. त्यासाठी डोंगराच्या अंगाला कान असलेला आणखी एक गेटवे लागेल. डोंगराआडून येणारा निरोप आमच्या गच्चीला ऐकू येत नाही.

म्हणून खारघरच्या वाचकांकडे माझं एक मागणं आहे. तुमची इमारत डोंगराच्या बाजूला असेल, गच्ची मोकळी असेल आणि सोसायटी ५ वॉटचा एक प्लग द्यायला तयार असेल, तर सेक्रेटरींशी बोला. गेटवे मी बसवून देईन, कनेक्टरवर टेप खालून वर गुंडाळीन आणि केबलला झोल देईन. पैसे नकोत. तुमच्या गच्चीवरून जे निरोप जातील त्यातले बरेच तुमचे नसतील, आणि तुम्हाला कुणी आभार मानायला येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आजींना हे मी त्या सभेत सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मग काय झालं?"